दोन हजारांच्या आतला घडीचा चाकू: कोणता घ्यावा आणि का?

प्रश्न थोडक्यात असा. डोंबिवलीहून लोअर परळला रोज लोकलनं येणं-जाणं, ऑफिसात पार्सलं फोडणं, डब्यासोबत आणलेलं फळ कापणं आणि अधूनमधून सह्याद्रीत ट्रेक. एवढ्यासाठी बॅगेत राहील असा घडीचा चाकू हवा, दोन हजारांच्या आत. स्विस व्हिक्टोरिनॉक्स, फ्रेंच ओपिनेल आणि गॅन्झोसारखे चिनी चाकू यांत मन ठरत नाही. त्यात एका मित्रानं सांगितलं, ‘घ्यायचाच तर डी२ स्टीलचा घे.’ ते ऐकावं का?

मी नागदेवी स्ट्रीटच्या भागात हत्यारांच्या धंद्यात आहे आणि माझा बराचसा वेळ धार लावण्यात आणि बिघडलेले चाकू खोलून दुरुस्त करण्यात जातो. दोन पावसाळे काढलेला चाकू कसा दिसतो, कुठे गंजतो, कुठे ढिला पडतो, हे रोज हाताखालून जातं. त्या अनुभवावरून सांगतो.

रोजच्या कामाला व्हिक्टोरिनॉक्सचा, मिटल्यावर ८४ मिलिमीटर लांब असलेला साधा चाकू घ्या, उदाहरणार्थ बँटम. ट्रेकवर भाजी चिरणं, दोरी कापणं, काटक्या तासणं जास्त असेल तर ओपिनेलचा ८ नंबर, पण स्टेनलेस पात्याचा. दोन्हींतला एकच परवडत असेल तर पहिला. डी२चा चाकू मुंबईत रोज जवळ बाळगायला घेऊ नका. फुटपाथवर मिळणारा कवटीचं चित्र असलेला, काच फोडायच्या टोकाचा, झटक्यात उघडणारा चाकू तर कुणीही घेऊ नये.

आता कारणं, आणि सगळ्यात आधी जाडी. गिऱ्हाईक जवळजवळ नेहमी स्टीलचं नाव विचारतं, पात्याची जाडी कुणी विचारत नाही. कापणं मात्र ठरतं ते धारेच्या लगेच मागे पातं किती जाड आहे यावर. स्वस्त चाकू दणकट दिसावेत म्हणून त्यांची पाठ तीन-साडेतीन मिलिमीटर ठेवतात आणि ती जाडी धारेपर्यंत नीट उतरवत नाहीत, कारण पातं घासून पातळ करण्यात मशीनचा वेळ जातो आणि तोच खर्च ते वाचवतात. असा चाकू नवा असताना कागद सपासप कापतो, अंगावरचे केसही उडवतो. कच्ची कैरी किंवा गाजर कापायला घ्या, की अर्ध्यात गेल्यावर ‘कट्’ आवाज होऊन ते फाकतं. धार तीक्ष्ण असते, पण मागून येणारं पातं पाचरीचं काम करतं. ओपिनेलची पाठ दोन मिलिमीटरच्याही आत असते आणि तिथून ती धारेपर्यंत एकसारखी उतरत जाते. म्हणून साध्या बीच लाकडाच्या मुठीचा तो चाकू त्याच्या दुप्पट वजनाच्या चाकूंपेक्षा सरस कापतो.

दुकानात ही जाडी मोजायला साधन लागत नाही. धारेला लागून जी चकाकती तिरकी पट्टी दिसते, तिची रुंदी बघा. प्रत्येक बाजूनं साधारण २० अंशांची धार धरली आणि ती पट्टी एक मिलिमीटर रुंद असली, तर तिच्या मागे पातं जवळपास ०.७ मिलिमीटर जाड असतं. पट्टी अर्धा मिलिमीटर असेल तर जाडी ०.३५ च्या आसपास. हा फरक हाताला लगेच कळतो. रुंद, चमकदार, लांबून दिसणारी धार गिऱ्हाइकाला आवडते, पण स्वस्त चाकूवर ती सहसा जाड पात्याची खूण असते. आणि दर वेळी धार लावताना आपण पाठीच्या दिशेनं वर सरकतो, म्हणजे जाड भागात जातो. मुळात जाड असलेला चाकू वर्षभरात आणखी बोथट वाटू लागतो, मग त्याला कितीही चांगली धार लावून द्या.

आता स्टील. स्टीलचं नाव म्हणजे फक्त कच्चा माल. त्याला पाणी कसं दिलं, म्हणजे किती तापवलं, कसं थंड केलं आणि नंतर किती उष्णतेवर नरमवलं, यावर पात्याचा स्वभाव ठरतो. व्हिक्टोरिनॉक्स वापरतं ते स्टील कागदावर अगदी साधं आहे. त्याची कठिणता रॉकवेल सी मापावर ५६ च्या आसपास ठेवलेली असते आणि शौकीन मंडळी तेवढ्यावरूनच नाक मुरडतात. पण एका पात्यासारखं दुसरं पातं निघतं, धार वळली तरी सहसा तुकडा उडत नाही, आणि घरच्या दगडावर थोड्या वेळात ती परत येते. याउलट कंपनीचं नावही नसलेल्या चाकूवर ‘४४०’ एवढंच छापलेलं असतं. ४४०ए, ४४०बी आणि ४४०सी यांत कार्बनचं प्रमाण वेगवेगळं; सी मध्ये ते एक टक्क्याच्या जवळ जातं. पुढचं अक्षर गाळलेलं असेल तर त्या आकड्याला काही किंमत देऊ नका. ‘स्टेनलेस’ एवढाच शिक्का तर त्याहून कमी सांगतो. पात्यावर लहरींची नक्षी असलेला ‘दमास्कस’ या भावात मिळत असेल, तर ती नक्षी बहुधा वरवर कोरलेली असते.

आता मित्राच्या डी२बद्दल. डाय आणि पंच बनवणाऱ्या कारखान्यांना हे स्टील चांगलं माहीत आहे, मुळात ते त्याच कामाचं. कार्बन सुमारे दीड टक्का, क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास. क्रोमियमचा आकडा बघून लोक ते स्टेनलेस समजतात, पण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनशी बांधलं जाऊन कठीण कणांत अडकतं, आणि गंजापासून वाचवायला मोकळं राहतं ते थोडं. कोरड्या हवेच्या गावात हे चालून जातं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओली, एरवी समुद्राची खारी हवा, आणि वर्षभर घाम. डी२च्या पात्यावर आधी शिक्का मारलेल्या अक्षरांत आणि मग खिळीच्या, म्हणजे पातं ज्या पिनेवर फिरतं तिच्या, आसपास तपकिरी ठिपके येतात. पात्यावरचे पुसता येतात, खिळीतले दिसतसुद्धा नाहीत. एके दिवशी चाकू करकरत उघडायला लागतो तेव्हा ते कळतं. धार जास्त टिकते हे खरं. पण ती गेली की घरच्या साध्या दगडावर परत आणताना घाम निघतो. चिनी चाकूच घ्यायचा असेल तर ८सीआर१३एमओव्ही नावाच्या स्टीलचा बघा. कार्बन सुमारे ०.८ टक्के, क्रोमियम १३. या भावात धार आणि गंज यांचा तोल ते बऱ्यापैकी सांभाळतं आणि लवकर धार घेतं. सानरेनमूसारख्या कंपन्यांचे या स्टीलचे छोटे चाकू मी लोकांना बिनदिक्कत सुचवतो.

ओपिनेल दोन प्रकारच्या पात्यांत मिळतो, आणि दुकानदाराला न विचारता घेतलात तर कुठला हाती येईल सांगता येत नाही. पात्यावर ‘कार्बोन’ लिहिलं असेल तर तो साध्या कार्बन पोलादाचा, ‘इनॉक्स’ असेल तर स्वीडिश १२सी२७ स्टेनलेसचा. कार्बनचा फार सुरेख कापतो, पण त्याचं वागणं आजीच्या लोखंडी विळीसारखं: कैरी कापली की काळा पडतो, ओला ठेवला की गंज धरतो. घरी स्वयंपाकघरात असेल, कापल्यावर लगेच पुसणारा माणूस असेल, तर तोच घ्या. बॅगेत डब्याशेजारी, पावसात भिजलेल्या छत्रीखाली राहणार असेल तर इनॉक्स.

ओपिनेलची खरी अडचण पावसाळ्यात कळते आणि ती दोन्ही प्रकारांत आहे. मूठ लाकडाची, आणि ज्या फटीत पातं बसतं ती ओल धरून फुगते. जुलैमध्ये कित्येकांचा चाकू उघडेनासा होतो. नखानं ओढू नका, पक्कडीनं तर मुळीच नको. आधी मुठीच्या तोंडाशी असलेली धातूची फिरती कडी मोकळ्या जागेवर फिरवा, मग मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर ठकठक आपटा. पातं आपोआप थोडं बाहेर येतं. ज्या सावोआ प्रांतात जोसेफ ओपिनेलनं १८९० मध्ये हे चाकू करायला सुरुवात केली, तिथल्या लोकांची ही जुनी रीत आहे आणि आपल्या हवेत ती फार कामाला येते. नवा चाकू आणल्यावर फटीच्या आतून जवसाचं तेल दोन-तीन वेळा लावून, दर वेळी पूर्ण वाळू दिलं, तर फुगणं बरंच कमी होतं. तरीही आवळत असेल तर वॉटर पेपरची, म्हणजे बारीक पॉलिश पेपरची घडी फटीत घालून आतून हलक्या हातानं घासा.

त्याची फिरती कडी मात्र मला मनापासून आवडते. १९५५ साली आलेली ही सोपी युक्ती. पातं उघडल्यावर कडी फिरवली की ते मिटत नाही. आताच्या चाकूंत बंद पातंही तिनं अडवता येतं, म्हणजे बॅगेत चुकून उघडत नाही. ६ नंबरपासून पुढे ही कडी असते, त्याहून लहान नंबरांत नसते. बॅगेतल्या वापराला ८ नंबरचं साडेआठ सेंटिमीटरचं पातं मोठं वाटलं तर ६ नंबरचं सात सेंटिमीटरचं पातंही पुरतं.

स्वस्त चाकूंत सर्वांत जास्त बोटं कापतात ती लॉकमुळे, म्हणून इथे जरा थांबतो. बहुतेक चिनी चाकूंत लायनर लॉक असतो: मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी बाजूला सरकून पात्याच्या बुडाला टेकते आणि पातं मिटू देत नाही. पट्टी जाड असेल, नीट टेकत असेल, तर हा लॉक विश्वासाचा आहे. स्वस्त मालात पट्टी पातळ आणि नरम असते, तिचं टोक झिजतं, आणि एखाद्या दिवशी टोकानं भोक पाडताना पातं थेट बोटांवर मिटतं. विकत घेण्याआधी चाकू सावकाश उघडा आणि बघा, पट्टी पात्याच्या बुडाखाली पूर्ण आली का, की काठावरच अडकली आहे. मग बोटं पात्याच्या वाटेतून दूर ठेवून, पात्याची पाठ लाकडी टेबलावर टेकवा आणि हळूहळू जोर वाढवा. आपटू नका, फक्त दाबा. पट्टी जरा जरी सरकली तर चाकू परत द्या. पातं डावी-उजवीकडे किंचित हलत असेल तर खिळीचा स्क्रू आवळून ते जातं. वर-खाली हलत असेल तर दोष लॉकचा असतो आणि तो या किमतीच्या चाकूत दुरुस्त होत नाही.

गॅन्झोचे काही चाकू आडव्या दांडीच्या लॉकचे येतात. मुठीच्या दोन्ही बाजूंना बारीक स्प्रिंग आणि मधून जाणारी दांडी पात्यावर टेकते. भावाच्या मानानं लॉक मजबूत, डावखुऱ्यालाही सोयीचा, काम स्वच्छ. वर्कशॉपमध्ये, गोदामात, मंडप-डेकोरेशनच्या कामात मी तो आनंदानं सुचवेन. तुम्हाला सुचवत नाही, कारण तो आकारानं आणि वजनानं मोठा आणि दिसायला आक्रमक. त्याची पॅन्टच्या खिशाला अडकवायची क्लिप तर डोंबिवली फास्टमध्ये सकाळी साडेआठला शेजाऱ्याच्या पिशवीत, दुपट्ट्यात अडकेल. गर्दीत खिशाबाहेर डोकावणारा चाकू ही कल्पनाच मला पटत नाही.

मग लॉक नसलेला व्हिक्टोरिनॉक्स कसा चालेल? त्याच्या पाठीमागची स्प्रिंग पातं उघडं धरून ठेवते, पण जोर दिला की ते मिटतं, हे वापरणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं, म्हणून तो तसा जोर देतच नाही. फळ, सुतळी, पार्सलची टेप, दुधाची पिशवी, वायरचं वेष्टण: या सगळ्यात जोर धारेच्या दिशेनं पडतो आणि पातं आणखी उघडायलाच बघतं. लॉकची गरज पडते ती टोक खुपसताना, आणि ते काम या चाकूंनी करूच नये. बँटममध्ये एक मोठं पातं, डबा-बाटली उघडायचं जोडहत्यार, त्याच्याच टोकाला स्क्रू फिरवायची सोय, चिमटा आणि दातकोरणी. चपटा असल्यानं पाकिटासारखा बसतो. कात्रीची गरज असेल तर ५८ मिलिमीटरचा क्लासिक बघा, त्याची कात्री अप्रतिम आहे. पण त्याचं पातं इतकं छोटं की पेरूसुद्धा एका फटक्यात कापला जात नाही. ९१ मिलिमीटरचे स्पार्टनसारखे चाकू उत्तम, फक्त तुमच्या बजेटबाहेर जातात.

फुटपाथवर मिळणाऱ्या लाल मुठीच्या नकला ओळखायला पात्याचं बूड बघा. तिथे कंपनीचं नाव आणि ‘स्विस मेड’ स्वच्छ कोरलेलं असतं. नकलेत पाती एकमेकांना घासतात, बंद पात्यांमध्ये उजेड दिसतो, आणि पातं मिटताना ‘टक्’ असा ठाम आवाज येत नाही.

पुठ्ठ्याचे खोके दिवसभर फोडत असाल तर मात्र चाकू विसरा आणि तुटत्या पात्याचा कटर घ्या. पुठ्ठ्यात धूळ आणि खनिजांचे कण असतात, टेपचा गोंद पात्याला चिकटतो, आणि कुठल्याही चांगल्या धारेची वाट लागते. कटरचं टोक बोथट झालं की पक्कडीनं तोडायचं आणि पुढे सरकायचं. ही कल्पना जपानमध्ये १९५६ साली निघाली, ओल्फा कंपनी तिच्यातूनच उभी राहिली. ऑफिससाठी ९ मिलिमीटर रुंदीचा कटर ड्रॉवरमध्ये ठेवा, चाकूची धार फळांसाठी राहू द्या.

आता कायदा, आणि हे नीट वाचा. शस्त्र नियमांनुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामाची हत्यारं त्यातून वगळली आहेत. आपले चाकू या मापाच्या खूप आत आहेत. पण मुंबईत तेवढ्यावर थांबता येत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(१) खाली पोलीस मनाई आदेश काढू शकतात, त्यात चाकूचा स्पष्ट उल्लेख आहे आणि पात्याच्या लांबीची सूट नाही. आदेश मोडला तर कलम १३५ खाली कारवाई होते. असे आदेश शहरात वेळोवेळी लागू असतात. म्हणून चाकू खिशात नको, बॅगेत ठेवा: डब्याबरोबर किंवा हत्यारांच्या छोट्या पाऊचमध्ये, मिटवलेला. सभा, मोर्चा, मिरवणूक, मॅच, कोर्ट, सरकारी कार्यालय, मॉल, थिएटर अशा ठिकाणी जायचं असेल तर घरी ठेवा. मेट्रोत बॅग तपासतात आणि धारदार वस्तू अडवतात. विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इनच्या सामानात टाका. कुणी विचारलं तर तो कशासाठी आहे ते सरळ सांगता आलं पाहिजे, आणि लाल मुठीचा, चिमटा-दातकोरणीवाला चाकू ते अर्धं आपणच सांगतो. खटका दाबून उघडणारा चाकू पाहिला की पोलिसाला रामपुरी आठवतो. त्यात त्याचं काही चुकत नाही.

‘स्वसंरक्षणासाठीही होईल’ असं काही जण म्हणतात. त्यांना मी चाकू देत नाही. गर्दीत झटापट झाली तर छोटा चाकू बहुतेकदा धरणाऱ्याचाच हात कापतो, आणि नंतर पोलीस ठाण्यात तो बाहेर काढला कुणी, हाच पहिला प्रश्न येतो.

देखभाल फार नाही, पण मुंबईत ती टाळता येत नाही. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा चाकू उघडून कोरड्या फडक्यानं पुसा. आंबा, लिंबू, मीठ लागलं असेल तर कोमट पाण्यात साबण घालून धुवा, पाती पाण्यातच उघडझाप करा, पूर्ण वाळवा, आणि खिळीवर एक थेंब तेल. खाण्याच्या वस्तू कापता, म्हणून शिलाई मशीनच्या तेलापेक्षा औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन बरं. खोबरेल तेल लावू नका, ते खवट होतं आणि थंडीत थिजतं. हे पाण्यात धुणं ओपिनेलला लागू नाही. त्याची मूठ पाण्यात बुडवायची नाही, फक्त पातं पुसायचं.

रस्त्यावर सायकलच्या चाकावर धार लावणाऱ्याकडे सुरी, कोयता, कात्री खुशाल द्या, ते लोक कामात तरबेज असतात. पण इतकं पातळ पातं त्या कोरड्या चाकावर क्षणात तापतं. धारेवर निळी झाक आली की तिथलं पाणी उतरलं, आणि तेवढा भाग घासून जाईपर्यंत तिथे धार टिकत नाही. घरीच लावा. १००० नंबरचा दगड, किंवा जाड काचेवर पाण्यानं चिकटवलेला १००० नंबरचा वॉटर पेपर पुरतो. कोन कसा धरायचा? पातं दगडावर आडवं ठेवा आणि त्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश इतकी पाठ उचला. हे साधारण २० अंश होतात. पातं दीड सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ अर्धा सेंटिमीटर वर. धारेच्या पट्टीवर आधी मार्कर पेन फिरवा, दोन हात मारून बघा, शाई कुठे गेली त्यावरून कोन चुकतोय का ते दिसतं. एका बाजूनं घासताना दुसऱ्या बाजूला बारीक तार उठते, ती अंगठ्यानं धारेवर आडवं, बाहेरच्या दिशेनं चाचपली की लागते. टोकापासून बुडापर्यंत ती उठली की बाजू बदला. शेवटी अगदी हलक्या हातानं एकेक हात आलटून पालटून मारा आणि जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर पाठीच्या दिशेनं ओढा. वॉटर पेपर असेल तर त्यावरही पातं पाठीच्या दिशेनंच ओढा, पुढे ढकललं तर कागद फाटतो. दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची, चकाकी न दिलेली खरखरीत कडही चार-सहा हात मारायला चालते.

खरेदी करताना खोकं दुकानातच उघडा. पातं पूर्ण उघडून धारेकडून प्रकाशात बघा: कुठे चमकता ठिपका दिसला तर तिथे धार वळलेली आहे किंवा लागलेलीच नाही. मिटवल्यावर पातं मुठीच्या मधोमध बसतं का, बाजूच्या पत्र्याला घासतं का, तेही बघा. बँटममध्ये चिमटा आणि दातकोरणी जागेवर आहेत ना तपासा, शोकेसमधला पीस असेल तर त्या हमखास गायब असतात. ऑनलाइन मागवलात तर परत करायची मुदत संपायच्या आत हेच सगळं करा, आणि तोपर्यंत त्यानं काही कापू नका.